गार्थ वन-आय: द्वंद्ववीर की घरभेद्या?

पडवीतला जादूगार (रत्नागिरी)

परवाच्या रविवारी आमच्या पडवीत झालेलं भांडण इथे आणतोय. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, मेणबत्तीच्या उजेडात आम्ही चौघे मॅजिक: द गॅदरिंग हा जादूगारांच्या लढाईचा पत्त्यांचा खेळ खेळत बसलो होतो. मी गार्थ वन-आय नावाचं कार्ड खाली ठेवलं आणि सहज म्हणालो, "हा माणूस मला आवडत नाही, पण कार्ड भारी आहे." पुढचा दीड तास खेळ बाजूला आणि गार्थ मध्ये.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी. मॅजिक १९९३ साली बाजारात आलं आणि त्यावरची पहिली कादंबरी, 'अरेना', १९९४ साली. गार्थ तिचा नायक, एका डोळ्याचा जादूगार. एस्टार्क शहरात दरवर्षी उत्सव भरतो, जादूगार आखाड्यात उतरून एकमेकांशी लढतात आणि गाव त्यांच्यावर पैसे लावतं. केस्था, बोल्क, फेंटेस्क, इंगकारा अशी चार घराणी. पाचवं होतं, ऊर-टाएल. वीस वर्षांपूर्वी झारेलनं ते नेस्तनाबूत केलं आणि आता तोच ग्रँड मास्टर होऊन बसलाय. गार्थ त्या बुडालेल्या घराण्याचा वारस. हे लपवून तो शहरात येतो, एका घराण्यात शिरतो, तिथून दुसऱ्यात, आणि सगळ्यांना एकमेकांच्या अंगावर घालतो. पुढे मॅजिकची कथा उर्झा, जेस, चांद्रा असल्या बड्या मंडळींकडे गेली आणि गार्थ माळ्यावर पडला. स्वतःचं कार्ड मिळायला २०२१ उजाडलं.

आता माझं म्हणणं. 'द्वंद्ववीर' म्हणून त्याचं जे कौतुक होतं ते फुकटचं आहे. द्वंद्वाला एकच नियम असतो: जे गमावायची तयारी आहे ते समोर ठेवायचं. नारळी पौर्णिमेला आपण नारळ लढवतो. एकानं मुठीत धरायचा, दुसऱ्यानं आपला नारळ त्यावर हाणायचा, ज्याचा फुटला त्यानं तो देऊन टाकायचा. लपवण्यासारखं काही नाही. गार्थचं तसं नाही. समोरचा समजतो आपण एका मंत्राच्या पैजेवर लढतोय, आणि हा मनात त्याच्या अख्ख्या घराण्याचा हिशेब मांडून उभा. एकाला माहीतच नाही की नेमकं काय लागलंय, तर ते द्वंद्व कसलं? तो सापळा.

आणि कार्डही तसंच. टॅप करा (म्हणजे पत्ता आडवा करून वापरा) आणि १९९३ च्या सहा नावाजलेल्या पत्त्यांपैकी एकाची नक्कल काढा: डिसएन्चांट, ब्रेनगायझर, टेरर, शिवन ड्रॅगन, रीग्रोथ, ब्लॅक लोटस. सगळं फुकट, गमवायचं काहीच नाही. खुशाल तुटून पडा.

खाजणातली (देवगड)

पडलेच.

दादा, तू कादंबरी वाचली आहेस की कुठेतरी सारांश चाळलास? त्या जगातल्या लढतीचा नियमच असा आहे की हरणाऱ्याच्या पिशवीतून जिंकणारा एक मंत्र काढून घेतो. जादूगाराची सगळी पुंजी म्हणजे ती पिशवी. गार्थ प्रत्येक वेळी ती कमरेला लावूनच उतरतो. हरला असता तर त्याचंही गेलं असतं. मग 'गमावायला काही ठेवत नाही' हे कुठून काढलंस?

राहिलं नाव लपवणं. ज्यानं तुझं घर संपवलं तोच आता पंच आहे. आखाडा त्याचा, शिपाई त्याचे, पैजांचा हिशेब त्याचा. तिथे जाऊन गार्थनं काय करायचं होतं? "नमस्कार, मी तो तुमच्या हातून राहिलेला" म्हणून चिठ्ठी पाठवायची? वेशीवरच मारला असता. पंचच विकला गेलेला असेल तर नियम पाळणं हा भाबडेपणा. आमच्याकडे क्रिकेटच्या टूर्नामेंटला यजमान वाडीचाच अंपायर असतो, तेव्हा तुम्ही सगळे प्रामाणिकपणाचे पुतळे काय करता ते मी बांधावर बसून पाहिलंय.

हापूसद्वेष्टा

चणे-शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

तांबडी माती (चिपळूण)

खाजणातलीशी सहमत, आणि थोडं पुढे जाऊन लिहितो. गार्थची गोष्ट कोकणातल्या माणसाला परकी वाटायचं कारणच नाही. आमच्या घाटात परशुरामाचं देऊळ आहे, शाळेत असल्यापासून तिथे जातोय. कार्तवीर्याच्या मुलांनी जमदग्नीला मारलं, आणि मुलानं बापाच्या खुनासाठी एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. एकवीस! गार्थनं एकच शहर हलवलं. बापाचं घर बुडवणाऱ्याला सोडायचं नाही ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, त्या माणसाच्या भूमीत राहतो म्हणून अभिमानानं सांगतो, आणि एका डोळ्याच्या परदेशी जादूगारानं तेच केलं की तो घरभेद्या?

पडवीतला जादूगार (रत्नागिरी)

तांबडी माती, तुम्ही वयानं मोठे दिसता म्हणून जपून लिहितो, पण हा दाखला तुमच्यावरच उलटतो.

परशुराम परशू खांद्यावर टाकून समोरून गेला. कोण येतंय आणि कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक. आणि खोटं नाव सांगून दारात आलेल्याचं त्यानं काय केलं? कर्ण ब्राह्मण म्हणवून त्याच्याकडे शिकला. कळल्यावर शाप दिला: ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही. म्हणजे गार्थ महेंद्र पर्वतावर गेला असता तर त्याला मंत्र नाही, शाप मिळाला असता. तुमच्या गोष्टीत गार्थ हा परशुराम नाही. कर्ण आहे.

खाजणातली (देवगड)

बरं, कर्ण तर कर्ण. आता मला एक सांग. जत्रेत रात्री दोन वाजता दशावतारात कर्णाचं चाक रुततं तेव्हा मांडावर बसलेल्या बायका कोणासाठी पदर डोळ्याला लावतात? शाप देणाऱ्यासाठी रडलेला एक प्रेक्षक मला दाखव. मी अख्ख्या लहानपणात पाहिला नाही. माझी आजी तर त्या नटाला चहाच्या वेळी विचारायची, "बाबा, लागला नाय ना रे?"

खोटं नाव सांगितलं म्हणून माणूस खोटा ठरत नाही, हे आपल्या लोकांना गार्थच्या कितीतरी आधीपासून कळतं.

तांबडी माती (चिपळूण)

कर्णाचा मुद्दा मान्य. माझा दाखला फसला. (वय एकसष्ट. जपून लिहायची गरज नाही, नातवानं हरवून हरवून सवय झालीय.)

नियमबाबा (पनवेल)

भावनेचा पूर ओसरला असेल तर कार्ड वाचूया. कुणी नीट वाचलेलंच दिसत नाही.

गार्थ खाली आणायला पाच माना (पत्ते टाकायला लागणारी जादूची शक्ती) लागतो, पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा प्रत्येकी एक. अंगानं ५/५, म्हणजे मारायची ताकद पाच आणि सोसायची पाच. आल्या आल्या टॅप करता येत नाही, एक फेरी थांबावं लागतं, आणि त्या एका फेरीत समोरचा त्याला उडवायला मोकळा असतो. पुढे टॅप केल्यावर सहापैकी एक नाव घ्यायचं आणि त्याची नक्कल करायची. ती नक्कल फुकट नाही. टाकायची किंमत मोजावीच लागते. शिवन ड्रॅगनला सहा माना म्हणजे सहाच. ब्लॅक लोटसची किंमत मुळात शून्य, म्हणून ते फुकट वाटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकदा घेतलेलं नाव पुन्हा घेता येत नाही. टेरर वापरला, गेला. रीग्रोथ वापरलं, गेलं. सहा वेळा हात घातला की पिशवी रिकामी. धागाकर्ते म्हणतात गमावायला काही नाही. कार्डावर तर दर खेपेला एक मंत्र कमी होतो. कादंबरीतली पिशवी याहून नेमकी कशी छापायची?

आणखी एक गंमत. टेरर काळ्या क्रीचरला (मैदानात लढणाऱ्या पत्त्याला) लागत नाही. गार्थ पाचही रंगांचा, म्हणजे काळाही. त्यामुळे त्याच्याच पिशवीतला टेरर त्याच्यावर चालत नाही. तुम्ही दुसऱ्या बाजूनं गार्थ घेऊन बसलात आणि माझ्या गार्थवर टेरर टाकायला गेलात तर हात चोळत बसाल. हे मुद्दाम केलंय की आपसूक झालंय ते सोडा, त्या माणसाला शोभतं. सगळ्यांच्या रंगात थोडा थोडा असलेल्याला कुठल्याच एका घराण्याची भीती चिकटत नाही.

पडवीतला जादूगार (रत्नागिरी)

नियमबाबा, अर्धंच सांगितलंत. पिशवी रिकामी होते ती *त्या* गार्थची. त्याला क्षणभर मैदानाबाहेर पाठवून परत आणला की नियमाप्रमाणे तो नवा गार्थ. सहाच्या सहा नावं पुन्हा हजर. माझा डेक तेवढ्यासाठीच बांधलाय. म्हणजे एका दारानं बाहेर, दुसऱ्या दारानं आत, आणि पाटी कोरी. मी हेच तर म्हणतोय! घराणं बदललं की जुना हिशेब मिटला. कार्ड काढणाऱ्यानं माणूस बरोबर ओळखला, आणि तो घरभेद्याच आहे.

नियमबाबा (पनवेल)

हा मुद्दा चांगला आहे. पण तो तुमच्या डेकचा दोष, गार्थचा नाही. कार्डात परत यायची सोय नाही, ती तुम्ही बाहेरून लावलीत.

झिलाचो बापूस (मालवण)

माका ह्यातला काय्येक कळणा नाय. झील खेळता आणि पत्त्यांचे पैशे माझ्या खिशातसून जातत, इतक्याच माझा नाता. पण नारळाचो विषय निघालो म्हणान लिवतंय.

धागो काढणारो म्हणता, नारळाच्या लढाईत लपवाछपवी नाय. कोणी सांगल्यान तुका? आमचो एक चुलतो पौर्णिमेच्या आदी म्हयनोभर नारळ हेरून ठेवी. बारको, लांबट, करवंटी जाड. नखान टिचकी मारून कानाकडे धरी, दुसऱ्या कोणाक हात लावूक देय नाय. बंदरार जाताना पिशयेत चार साधे नारळ वर आणि तो एक खाली. पयले दोन मुद्दाम फोडून घेय. समोरचो फुशारलो, आजूबाजूचे चार जाण जमले, की मगे हो खालचो काडी. एका वर्सा अठरा नारळ घेवन घराक इलो. आठ दिवस घरात नुसती सोलकढी नि नारळाच्यो वड्यो.

तेका कोणी घरभेदो म्हणाक नाय. हुशार म्हटल्यानी.

कोर्टाची पायरी (अलिबाग)

वरचं वाचून हसू आवरेना. पण पैजेवरून आठवलं. गार्थच्या जगातली 'हरणाऱ्याचा मंत्र घ्यायचा' ही पद्धत खेळातूनच आलेली आहे. मॅजिकच्या सुरुवातीच्या नियमांत 'आँटे' होतं. डेक पिसून झाला की दोघांनी वरचं एकेक पान बाजूला ठेवायचं, जिंकणारा दोन्ही पानं कायमची घरी नेणार. त्यावर चालणारी नऊ पानंही निघाली, त्यातलं शेवटचं १९९५ सालचं. पुढे ही पद्धत बंद पडली, आणि ती नऊ पानं आज कुठल्याच अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत.

आपल्याकडे पैज लावून खेळायचं म्हटलं की १८८७ चा महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) जुगार प्रतिबंधक कायदा आठवावा लागतो. निव्वळ कौशल्याचा खेळ त्यातून सुटतो. तेव्हा मालवणकर, तुमच्या चुलत्यांनी जे केलं ते माझ्या मते शुद्ध कौशल्य. बिनधास्त राहा. (ह. घ्या.)

गंभीरपणे सांगायचं तर धागाकर्त्यांची तक्रार गार्थबद्दल नाही, ती आँटे गेल्याबद्दल आहे. ज्या खेळात पान जातच नाही, त्यात पैजेवर जगणारा माणूस आणून बसवला की तो खोटा वाटणारच. माशाला फणसाच्या झाडावर चढवून ठेवलंय आणि तुम्ही म्हणता याला पोहता येत नाही.

आंबोलीचा घाट

काजूच्या बियांवरून पण हेच. मे महिन्यात आम्ही बियांनी खेळायचो, ओळीत मांडायच्या आणि मोठ्या बीनं नेम धरून उडवायच्या, उडवलेल्या आपल्या. एकदा मी सगळ्या हरलो. साधारण शेर-दीड शेर, वडिलांनी विकायला ठेवलेल्या. त्या रात्री जेवलो नाही, कारण जेवायला स्वयंपाकघरात जावं लागलं असतं. त्यानंतर आजवर कुठल्याही खेळात तेवढा जीव लागला नाही. एवढंच. आँटे बंद झालं ते बरंच झालं, आणि ते बंद झालं याचं वाईटही वाटतं.

चितारआळी (सावंतवाडी)

तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरून भांडताय, की पत्त्यावरच्या माणसाला चारित्र्य असतं आणि त्यावरून पत्त्याची किंमत करायची. मी गंजिफा बघत वाढलो. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग, दर रंगात बारा पानं, एकशेवीस गोल पानं, हातानं रंगवलेली, वर लाखेचा हात. प्रत्येक रंगात एक राजा आणि एक वजीर. राजा तो अवतार. वजिराला नाव नाही. मत्स्याचा वजीर, कूर्माचा वजीर, बस. तो कुठल्या घराण्याचा, कुणाशी खोटं बोलला, कुणी विचारलेलं नाही, आणि खेळ चालत आलाय. दिवसा खेळाल तर राम उतरणार, रात्री खेळाल तर कृष्ण.

त्यात एक गंमत आहे, ती या धाग्याला लागू पडेल. राजा आणि वजिराखालची जी दहा पानं, त्यांचा मान सगळ्या रंगांत सारखा नसतो. पाच रंगांत दहाचं पान मोठं आणि एक्का सगळ्यात खाली. उरलेल्या पाचांत बरोबर उलटं, एक्का वर आणि दहाचं पान तळाला. नवीन माणूस इथेच फसतो. एक्का हातात आला की खुश होतो आणि रंग बघायला विसरतो.

गार्थ 'माळ्यावर पडला' असं वर लिहिलंय, म्हणजे किरकोळ पात्र. कुठल्या रंगात? उर्झाच्या कथेत तो एक्क्यासारखा तळाला आहे. १९९४ च्या त्या एका पुस्तकात त्याच्या वर कुणी नाही. पान तेच.

आणि पाच रंगांवरून सुचलं. त्या कादंबरीतली घराणी करडी, तपकिरी, नारिंगी, जांभळी, आणि बुडालेलं निळसर-हिरवं. खेळातले रंग पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. पाचांतलं एकही जुळत नाही. तेव्हा कथा आणि कार्ड यांची सोयरीक लावताना जरा सबुरीनं.

खाजणातली (देवगड)

चितारआळी, एक्क्याचं आवडलं. पण 'कुणी विचारलेलं नाही' हे पटत नाही. वजिराला नाव नाही म्हणून त्याच्याबद्दल कुणी भांडत नाही, आणि म्हणूनच पावसात लाईट गेल्यावर दीड तास त्याच्यावर कुणी घालवत नाही. मला भांडायला माणूस हवा. गार्थ चालेल.

हापूसद्वेष्टा

शेंगदाणे संपले, आता बोलतो. मी त्या पडवीत होतो. चौघांतला एक.

सगळे गार्थच्या प्रामाणिकपणावर बोलताय म्हणून विचारतो. धागाकर्त्या, तुझं गार्थ फॉइल, म्हणजे चकचकीत छपाईचं, आहे ना? जूनपासून ते होडीसारखं वळलंय. डेक टेबलावर ठेवला की मधेच एक पान उचललेलं दिसतं. मेणबत्ती बाजूला होती म्हणून तर आणखी ठळक, खाली सावली पडत होती. गार्थ वरून कितव्या पानावर आहे हे मला समोर बसून कळत होतं. तुला कळत नव्हतं?

नियमबाबा (पनवेल)

हे खरं असेल तर विषय संपला. पाठीवरून ओळखू येणारं पान म्हणजे खुणेचं पान. स्पर्धेत हे चालत नाही, दंड होतो. गार्थ कमांडर म्हणून, म्हणजे डेकचा म्होरक्या म्हणून, समोर उघडा ठेवला असता तर वाकडा असो की सरळ, हरकत नव्हती. पण धागाकर्ते त्याला डेकमध्ये ठेवतात असं वाटतंय.

खाजणातली (देवगड)

दादा???

समोरच्याला माहीत नाही की नेमकं काय लागलंय, तर ते द्वंद्व कसलं. कोण बरं म्हणालं होतं हे? जरा वर जाऊन बघते.

तांबडी माती (चिपळूण)

अरेरे. आता मात्र मला कर्ण आठवतोय. चाक रुतलं.

पडवीतला जादूगार (रत्नागिरी)

दोन दिवस लिहिलं नाही. लाईट नव्हती हे अर्धं कारण.

हो, डेकमध्ये ठेवतो. कमांडर म्हणून ठेवला तर सगळे त्याच्यासाठी तयार राहतात, म्हणून. आणि हो, वळलंय. आमच्याकडे या दिवसांत पापडसुद्धा डब्यात मऊ होतात, फॉइल कसलं सरळ राहतंय. पहिल्या आठवड्यात खरंच लक्षात आलं नाही. नंतर आलं. पिसताना बोट त्याच्यावर आपोआप अडकायचं. मी मुद्दाम वर आणला नाही, हे शपथेवर सांगतो. पण तो वरून चौथा-पाचवा आहे असं दिसलं की मी जपून खेळायचो, माना राखून ठेवायचो, आणि तळाशी दिसला की डेक पुन्हा पिसायला लावणारं पान वापरायचो. हे लबाडी म्हणून केलं नाही. माहीत होतं, म्हणून हात तसा वळला.

हापूसद्वेष्ट्या, तुला समोरून दिसत होतं तर तूही त्यावरून खेळत होतास. ते नंतर बघू.

गार्थवरचं माझं मत अजून बदललेलं नाही. एवढंच की ते मी जितक्या मोठ्यानं मांडलं तितक्या मोठ्यानं मांडायला नको होतं. मालवणकरांच्या चुलत्यांचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. पहिले दोन नारळ मुद्दाम फोडून घेणारा माणूस हुशार आणि घराणी बदलत फिरणारा लबाड, ही रेघ कुठे ओढायची ते मला सांगता येत नाहीये. चुलत्यांच्या समोरच्याला निदान नारळ दिसत होता, असं म्हणणार होतो. पण तो पिशवीत खालीच होता ना.

झिलाचो बापूस (मालवण)

तुझ्या त्या काण्याक घेवन पौर्णिमेक ये मालवणाक. माझो झील तेचो एक पत्तो लावीत, तू तो काणो लाव. हरलंस तर ठेवन जा. वकीलबाईंनी सांगल्यानीच हा, कौशल्य असला तर चलता.

कोर्टाची पायरी (अलिबाग)

मी असं काहीही सांगितलेलं नाही.

पडवीतला जादूगार (रत्नागिरी)

येतो. काका, पण झिलाला सांगा, मी दुसरं गार्थ आणणार नाही, हेच आणणार, आणि उघडं समोर ठेवणार. सध्या ते दोन वह्यांच्या मध्ये घालून तांदळाच्या डब्याखाली ठेवलंय. आज उचलून बघितलं, एका कोपऱ्यातून अजून वर येतंय.